पोळ्याच्या दिवशी हवागाडी

२९ ऑगस्ट १९६२, बुधवार, पोळा. सकाळपासून बारीक झड, वारा नाही.

निवृत्तीची बायको कोकिळा पहिलटकरीण. पहाटेपासून अडली होती आणि दुपारी तिच्या अंगावरून रक्त जाऊ लागलं. सुईणीनं हात टेकले. म्हणाली, बुलढाण्याच्या दवाखान्यात न्या. पण पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. शिंगं रंगवून झाली होती, झुली चढल्या होत्या. गाडी जुंपून द्यायला गावात कोणी तयार होईना. शेवटी चौघांनी तिला बाजेवर घालून देऊळघाटाच्या फाट्यावर आणून ठेवलं.

"सडकेवर मोटर भेटते," शेजारचा गुलाबराव म्हणाला. "पोळा फुटला का आम्ही येतोच." आणि चौघंही गावाकडे वळले.

बाजेपाशी निवृत्ती आणि त्याची माय मनकर्णाबाई, एवढेच उरले. एस्टी आली ती खचाखच भरलेली, थांबली नाही. मग एक जीप चिखल उडवत निघून गेली. दिवस कलला. पानांवर पडणाऱ्या झडीचा आवाज तेवढा राहिला, आणि बाजेखालून येणारा रक्ताचा वास.

"एस्टीले हात केला, जीपले केला," निवृत्ती कडवट हसला. "आता तुह्या जमान्यातली हवागाडी बलावू का, माय?"

मनकर्णाबाईनं झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "इथं ते नाव नको काढू, बाप्पा."

"काऊन?"

"आम्ही लहान होतो तवा समदेच हवागाडी म्हणत. बैल नाही, घोडा नाही, हवेवर पळते म्हणून. पटकीच्या साली याच फाट्यावरून एक हवागाडी दुखणेकरी घेऊन गेली... दवाखान्यात एकबी पोचला नाही. तवापासून इथं मोटरच म्हणतात. त्या नावानं बलावलं का तेच येते."

कोकिळा कण्हली. "आवो, कोणालेबी बलावा... मले आता सोसवत नाही."

निवृत्तीनं तिच्या पांढऱ्या पडलेल्या पायांकडे पाहिलं. मग सडकेच्या मधोमध जाऊन तो ओरडला, "हवागाडी! ओ हवागाडी!"

झड एकदम थांबली.

वळणावरून ती आली. कापडी टपाची, दिवे नसलेली, इंजिनाचा आवाज नाही. ओल्या राखेसारखा वास पुढे आला. चालवणाऱ्यानं मान वळवली नाही. मागचं दार उघडलं. आत एकाच माणसापुरती जागा.

मनकर्णाबाईनं सुनेचा पदर मुठीत धरला. "नको, पोरा... इथं मेली तर माती तरी आपल्या हातची भेटंल."

"सोडा, आत्याबाई," कोकिळा पुटपुटली. "तिकून गार वारा येऊन राह्यला..."

निवृत्तीनं पदर सोडवला, तिला उचलून आत ठेवलं, आणि आपण चढावं म्हणून गाडीला वळसा घालून पलीकडे गेला.

पलीकडे नुसती सडक होती.

चिखल तुडवत तो बुलढाण्याला पोचला. दवाखान्यात त्या रात्री एकही बाळंतीण आली नव्हती.

गुरुवारी सकाळी तो फाट्यावर परतला. मनकर्णाबाई रिकाम्या बाजेपाशी बसलेली असेल, असं त्याला वाटलं होतं. बाज रिकामी नव्हती.

"मी डोळ्याले डोळा लावला नाही," ती म्हणाली. "कोणी आलं नाही, बाप्पा... कोणीच नाही."

बाजेवर नुकती जन्मलेली मुलगी होती, गेलेली. नाळ अजून ओली होती. दोन्ही कान टोचलेले होते, आणि टोचल्याच्या जखमा केव्हाच वाळून बऱ्या झाल्या होत्या.

कोकिळा सापडली नाही.