परीक्षेचा पेशंट

“हृदय!” सासूबाई ठामपणे म्हणाल्या. “आमची सून हृदयविभागात असते. त्याचीच मोठी परीक्षा देतेय.”

पाहुण्यांनी आदराने मान डोलावली, आणि चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या सुनेचं अंतःकरण, म्हणजे जिथे तिची कधीच नेमणूक नव्हती तो अवयव, शरमेने पिळवटून निघालं! कारण ती होती आतड्यांच्या विभागात. ऑपरेशननंतर ज्यांचं आतडं पोटावर छिद्र पाडून बाहेर काढावं लागतं, त्या छिद्रावर म्हणजे स्टोमावर मळाची पिशवी चिकटवायची, भोवतालची कातडी सांभाळायची आणि त्या माणसाला पुन्हा चारचौघांत बसायला शिकवायचं, हे तिचं काम. त्याच विषयातलं विशेष प्रमाणपत्र मिळालं, तर हॉस्पिटलच्या नव्या स्टोमा केंद्राची ती प्रमुख होणार होती.

“लोक हृदय विचारतात गं,” पाहुणे गेल्यावर सासूबाई म्हणाल्या. “आतडं कोणी विचारत नाही.”

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या धाकाने शाळेत खडूसुद्धा ताठ उभा राहायचा, तिथे सून काय बोलणार? आणि नवरा विमा कंपनीत होता; दिवसभर लोकांना आजारांची भीती घालायचा आणि घरी आजाराचं नाव निघालं की उठून गॅलरीत जायचा.

घराच्या अब्रूसाठी आपण केवढा मूक त्याग करतोय, असं सुनेला वाटायचं. वाटून घ्यायला बरं असतं! पण मनाच्या तळाशी तिला ठाऊक होतं की हे खोटं तिच्याही सोयीचं आहे... बाजारात एकदा तिचा जुना पेशंट, एक रंगारी, गर्दीतून हात उंचावून ओरडला होता, “सिस्टर! तुम्ही लावलेली पिशवी शिडीवरसुद्धा हलली नाही बघा!” सोबत शेजारीण होती. सून त्याच्याकडे अनोळखी नजरेने बघून पुढे निघून गेली. त्याचा वर राहिलेला हात मात्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

मग दैवाने, ज्याला विनोदाची जाण असते पण मर्यादा नसते, सासूबाईंच्याच आतड्यात गाठ दिली.

ऑपरेशनआधी पोटावर स्टोमाची जागा पेनाने ठरवावी लागते. माणसाला बसवून, उभं करून, वाकवून बघायचं. जागा घडीत जात नाही ना, पट्ट्याखाली दडत नाही ना, त्याची त्याला दिसते ना.

“दुसरी कोणी नाही का गं?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही, आई.”

“मग दिवा तरी मालव.”

“अंधारात खूण कशी करू?”

सासूबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. निदान त्यांच्यापुरता तरी अंधार झाला.

पोटावर स्टोमा घेऊन घरी आल्यावर त्या खोलीबाहेर पडेनाशा झाल्या. घरात ‘पिशवी’ या शब्दावर बंदी आली, भाजीला निघालेला नवरासुद्धा “ती कापडाची वस्तू कुठे ठेवलीस?” असं विचारू लागला. सून रोज सकाळी पाणी घेऊन आत जायची, मुकाट्याने पिशवी बदलायची, आणि तेवढा वेळ सासूबाई भिंत आता बोलेल अशी वाट बघितल्यासारख्या तिच्याकडे तोंड करून पडायच्या.

परीक्षा जवळ आली. लेखी झाली होती. प्रात्यक्षिकाला आपला पेशंट आपणच न्यायचा नियम होता. सुनेने सगळ्या जुन्या पेशंटना विचारून पाहिलं. जो तो लाजला. शेवटी ती रंगाऱ्याच्या दारात गेली. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाला, “सिस्टर, बाजारात तुम्ही मला ओळखलं नाहीत. आता परीक्षकांसमोर मी तुम्हाला कसं ओळखू?”

तो भांडला असता तर बरं झालं असतं!

“मी परीक्षा नाही देत,” घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली.

“का? अभ्यास नाही झाला?”

“पेशंट नाही मिळाला.”

“कमाल आहे! एवढे लोक आजारी पडतात...”

“आजारी सगळे पडतात हो. पोट उघडं करून बसायला कोण येणार?”

“मी येते,” खोलीतून आवाज आला.

दोघं धावत आत गेली. सासूबाई उठून बसल्या होत्या.

“आई, तिथे तीन परकी माणसं असतील...” सून म्हणाली.

“परीक्षा म्हणजे काय, ते तू मला शिकवू नकोस!” त्या कडाडल्या, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच घरात मुख्याध्यापिका बोलली. पण पुढच्याच वाक्याला तो आवाज चिरकला. “माझं सगळं काढलंस तू... कधी नाक मुरडलं नाहीस. आणि मी? चारचौघांत तुझं काम सांगायची मला लाज वाटली गं!”

“मलाही वाटत होती, आई!” सून त्यांच्या पायाशी कोसळली आणि रंगाऱ्याची सगळी हकिगत तिने हुंदके देत सांगितली. “तुमच्या आडून मीच लपत होते...”

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. नवरा सवयीप्रमाणे गॅलरीत जायला निघाला, दारापर्यंत गेला, आणि परत येऊन आईच्या पायांशी बसला. त्याच्या मानाने हे फार होतं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सुनेने एका हाताने कातडी दाबून धरत पिशवी वरून खाली सोडवली, कातडी पुसली आणि तीन परीक्षकांपुढे ती समजावून सांगू लागली. नेमका तेव्हाच स्टोमा बोलला. लांबलचक, ओलसर, निःसंकोच आवाज! परीक्षकांनी खिडकीबाहेर पाहिलं. सुनेचा हात थांबला. ‘आई आता मरून जातील’ एवढंच तिच्या मनात आलं.

सासूबाईंनी आपल्या पोटाकडे करड्या नजरेने पाहिलं.

“विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही,” त्या म्हणाल्या.

मुख्य परीक्षक इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. सुनेचा हात पुन्हा चालू लागला, आणि मग अडखळला नाही. ती पास झाल्याचं त्यांनी तिथेच सांगितलं.

बाहेर बाकावर एक तरुण नर्स रडत बसली होती. तिचा पेशंट फाटकापर्यंत येऊन माघारी पळाला होता.

“नंबर कधी आहे तुझा?” सासूबाईंनी विचारलं.

“आत्ताच...”

“चल.”

“आई, नको!” सून कळवळली. “कातडी आधीच लाल झालीये. लगेच पुन्हा काढली तर आग होईल.”

“होऊ दे.” त्यांनी त्या पोरीचा हात धरला. “आणि तू बाहेरच थांब. नाहीतर आत येऊन तिला उत्तरं सांगशील. मला कॉपी चालत नाही.”

दार लागलं. सून दाराला कान लावून उभी राहिली. आत परीक्षक ‘करा सुरुवात’ म्हणाले. मग, कॉपी करणाऱ्या पोरांना जन्मभर वर्गाबाहेर काढलेल्या त्या बाईंचा आवाज आला; अगदी हळू, शेजारच्या बाकावर पोचेल एवढाच.

“घाबरू नकोस. वरून सुरू कर... आणि दुसऱ्या हाताने कातडी दाबून धर.”