पस्तीस नंबरचं घर

"पपा, हा आपला शंकू नाहीच!" हेन्रीके ट्रामच्या थांब्यावर किंचाळली आणि लगेच तिने तोंडावर हात दाबला. दोन पावलांवर तिचा सहा वर्षांचा भाऊ योंटे आइस्क्रीम चाटत उभा होता.

आज सुट्टीचा शेवटचा दिवस. उद्या योंटे पहिलीत जाणार. जर्मनीतल्या लाइपझिगमधलं पहिलीचं प्रत्येक मूल उद्या खाऊने गच्च भरलेला, पुठ्ठ्याचा, जवळजवळ स्वतःएवढा उंच शंकू छातीशी धरून फोटोला उभं राहणार होतं. आणि तोवर तो त्याच्या दृष्टीसही पडता कामा नये! म्हणून सकाळपासून चर्च, बाजार, नवे बूट असं रमतगमत फिरताना, दुकानातून परत आणलेला तो तपकिरी कागदात गुंडाळलेला शंकू 'पडद्याची काठी' झाला होता.

"कशावरून?" पपा कुजबुजले.

"कोपऱ्यात कागद फाटलाय. आत दोऱ्याने 'मीके' असं नाव भरलंय!"

ममाचा चेहरा उतरला. योंटेच्या शंकूवरचा कोल्हा तिने तीन आठवडे खपून शिवला होता. शंकू दुकानात फक्त वरच्या तोंडाला जाळी बसवायला दिला होता. "एक काम सांगितलं होतं टोर्स्टेन, एकच!" ती पपांना म्हणाली.

पपांनी घाईघाईने दुकानात फोन लावला. "हो... लिंडेनस्ट्रासे... हो, हो!" ऐकता ऐकता त्यांनी तळहातावर पत्ता लिहून घेतला. "झालं काम! मीकेच्या आईच्याही लक्षात आलंय, तिने दुकानात पत्ता देऊन ठेवलाय. फक्त चारला ती मंडळी गावी निघतायत. मीकेची शाळा तिकडेच आहे."

"साडेतीन वाजलेत की!" चुलतभाऊ लेनर्ट ओरडला. "पळा काका!"

पस्तीस नंबरचं दार एका आजोबांनी उघडलं. "मीके? माझ्याकडे फक्त मांजर आहे बाबांनो. आणि तिचं शिक्षण पूर्ण झालंय."

पपांनी पुन्हा फोन लावला. कुणी उचलेना. "बंद झालं वाटतं दुकान."

चारला दहा कमी! ममा तर एकदा घड्याळाकडे बघत होती, एकदा योंटेकडे.

"पपा, दुकानातल्या बाई नेमकं काय म्हणाल्या?" हेन्रीकेने विचारलं.

"आता काय आठवणार! ऐकलं तसं लिहिलं."

"ऐकता ऐकता?" हेन्रीकेने त्यांचा तळहात ओढून पाहिला. याच चुकीसाठी तिची गणिताची वही वर्षभर लाल झाली होती! "त्या 'तीन आणि पन्नास' म्हणाल्या. आधी तीन ऐकू आलं, म्हणून तू आधी तीन लिहिलंस! पस्तीस नाही पपा, त्रेपन्न!"

"अगं, मी इंजिनिअर आहे..."

"पळ रे पपा!"

त्रेपन्न नंबरसमोर एक गाडी निघण्याच्या बेतातच होती. लेनर्ट हात पसरून थेट तिच्यापुढे उभा राहिला.

"वेड लागलंय का रे?" गाडीतून एक बाई तडकून उतरल्या. मागच्या खिडकीतून पुढचे दोन दात नसलेली मुलगी टकामका बघत होती. मीकेच ती! इकडे योंटेही धापा टाकत पोचला. एक शब्द चुकला असता, तर दोघांचंही गुपित फुटलं असतं.

"काकू," हेन्रीके दम खात म्हणाली, "दुकानात पडद्याच्या काठ्यांची अदलाबदल झालीय. ही तुमची!"

बाईंनी तपकिरी कागद पाहिला. योंटेला पाहिलं. "अरे हो की! केव्हापासून शोधतोय आम्ही आमची... काठी!" डिकी उघडली, काठ्या बदलल्या. ममाने कागदाच्या फटीतून कोल्ह्याचं शेपूट पाहिलं, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

"हुशार आहे हो तुमची पोरगी!" बाई म्हणाल्या. ममाने हेन्रीकेला कुशीत घेतलं, लेनर्टचे केस विस्कटले. "तुम्ही दोघं नसतात तर माझं काही खरं नव्हतं! आणि यापुढे नंबर तूच लिहायचे, हेन्री." पपा गुपचूप तळहात पँटला पुसत होते.

पण हेन्रीकेचे कान गाडीच्या खिडकीकडे होते.

"तुझ्या शंकूवर काय आहे?" मीके दबक्या आवाजात विचारत होती.

"कोल्हा. ममाला शिवताना बघितलं मी," योंटे म्हणाला.

"मग सांगितलं नाहीस?"

"छे! बिचारे केवढे धावले."