सर्जानाना नसलेली मॅच

कोल्हापुरात आता मॅच मैदानावर संपत नाही. पंचाची शेवटची शिट्टी झाली की अर्धी गर्दी घरी जाते आणि उरलेली अर्धी स्टेडियमच्या मागच्या दुमजली इमारतीसमोर भांडायला उभी राहते. इमारतीवर ‘पर्यायपट केंद्र’ अशी पाटी आहे. ती पाटी कुणी वाचत नाही. सगळं गाव तिला ‘जरतर’ म्हणतं.

नाव चुकीचं नाही. ‘जर त्या वेळी पास दिला असता, तर...’ हे वाक्य पूर्वी चहाच्या गाड्यावर सुरू व्हायचं आणि तिथंच चहासारखं निवायचं. आता ते तपासून मिळतं. स्टेडियमभर लावलेले कॅमेरे, खेळाडूंच्या जर्सीत विणलेले, छातीचे ठोके मोजणारे धागे आणि गर्दीतला एकेक आवाज वेगळा टिपणारे कान यांच्या जोरावर ते यंत्र झालेली मॅच आपल्या पोटात पुन्हा उभी करतं. मग तिच्यातली एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि मॅच पुन्हा सोडायची. एकदा नव्हे, हजारदा. त्यातून बहुतेक वेळा जे घडतं ते पडद्यावर दिसतं. यंत्र आल्यापासून गावातली निम्मी भांडणं मिटली, आणि मिटल्यामुळं माणसं आणखीच चिडकी झाली.

त्या वर्षी सगळ्यांत चिडकी होती मोरबाग तालमीची माणसं. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला तसा तालमीचा फुटबॉल संघ हरायला लागला तो थांबेचना. एकदा म्हणे समोरच्या संघाची गाडी वाटेत बंद पडली, तर तेवढ्या वेळात मोरबागनं सरावातच स्वतःवर गोल करून घेतला. आता एकच मॅच उरली होती, तीही पक्क्या वैरी तोफगल्ली तालमीशी. ती हरली की मोरबाग वरच्या गटातून खाली जाणार होती. आज्या-पणज्यांच्या काळापासून हे कधी झालं नव्हतं.

या सगळ्याचा राग एका माणसावर निघत होता. विश्वास अतिग्रे, संघाचा कोच.

“आरं विश्वा, टीम चालवतोस का वरात?” दर रविवारी गोलामागच्या पायरीवरून ही हाक यायची. हाक सर्जेराव मंडलिकची. पेठेतली पोरं त्याला सर्जानाना म्हणत. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, बायको गेलेली, मुलगी बेळगावला दिलेली. सोमवार ते शनिवार तो नुसता असायचा, जगायचा रविवारी. त्याचा आवाज एवढा की तो ओरडला म्हणजे रंकाळ्यात डुंबणाऱ्या म्हशी कान टवकारायच्या. एकेकाळी तो आणि विश्वास मोरबागकडून एकाच फळीत खेळले होते. आता गोलात उभा असलेला इम्रान बागवान याला तर नानानंच चड्डीत असल्यापासून तालमीच्या मागच्या मैदानात घडवला होता.

सातवी मॅच हरल्यावर नानानं जाहीर करून टाकलं, “शनिवारी तालमीत बैठक हाय. त्याच्या आत मी जरतरमधनं पुरावा आणतो. विश्वाला हाकलल्याबिगर आपली टीम वाचत न्हाई!”

विश्वास खाली मान घालून बूट सोडत होता. तेवढंच म्हणाला, “आण की. मलाबी बघायचं हाय.”

जरतरच्या खोलीत, ते यंत्र बांधणाऱ्या डॉ. मृदुला इंगवले बसत. बाई भौतिकशास्त्रातल्या, फुटबॉलमधलं त्यांना फारसं कळत नव्हतं. पण दोन वर्षं पेठेपेठेची माणसं ऐकून शिव्या मात्र उत्तम कळायला लागल्या होत्या.

“काय बदलू?” त्यांनी विचारलं.

“त्या संग्रामला काढा आन् धोंडीला फुडं घ्या. कवाधरनं बोंबलतोय मी.”

बाईंनी बदल केला. पडद्यावर कालची मॅच पुन्हा खेळली गेली. मोरबाग हरली.

“मग मागं एक गडी वाढवा.”

हरली.

“ते ऱ्हाऊ द्या. कोचच बदला. दुसरा कुठलाबी चांगला कोच टाका.”

बाईंनी एकामागून एक कोच घालून पाहिले. मोरबाग जास्तच गोलांनी हरली. विश्वासनं केलं होतं त्याहून बरं कुणालाच जमलं नव्हतं.

नानाचा चेहरा पडला. “तुमच्या यंत्राला विश्वानं च्या-बी पाजलाय काय?”

“यंत्र कुणाचं नसतं हो,” बाई हसल्या. “ते फक्त एक दोरा ओढतं आणि कापड कुठं उसवतंय ते बघतं.”

“मग त्यालाच सांगा शोधायला. कुठली एक गोष्ट काढली की आम्ही जिंकतो?”

“शोधेल. पण उत्तर आवडेलच असं नाही.”

“सात मॅची हरलोय बाई. आता काय आवडायचं ऱ्हायलंय?”

यंत्र बराच वेळ फिरत राहिलं. मग पडद्यावर पुन्हा तीच मॅच सुरू झाली. तीच धूळ, तीच हलगी, तेच मोरबागचे निळे झेंडे. पण या वेळी इम्रान गोल सोडून पुढं धावत येत होता, उंच चेंडू हवेतच उचलत होता. मोरबाग जिंकली. नाना खुर्चीतून उठलाच. “बघा! बघा माझं पोरगं! काय काढलं वो ह्यातनं?”

बाईंनी चित्र गोलामागच्या पायरीवर आणलं. खच्चून भरलेल्या गर्दीत तिथं एका माणसापुरता दगड रिकामा होता.

नाना बघत राहिला. “माझ्या जागंला कोन बसलंय?”

“कुणीच नाही. या मॅचमध्ये तुम्ही नाही आहात, नाना. कधी नव्हताच. बाकी सगळं तेच, फक्त इम्रानला नाना नावाचा माणूस ठाऊक नाही.”

नाना बसला. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाला, “म्हंजी मी पनवती म्हना की.”

“पनवती वगैरे काही नसतं. नीट ऐका.” बाईंनी इम्रानच्या ठोक्यांची रेघ दाखवली. “हजारो माणसं ओरडतात तेव्हा इम्रानला तो नुसता गलका असतो, वाऱ्यासारखा. ही रेघ हलत नाही. तुमचा आवाज मात्र त्याला लहानपणापासून ओळखीचा आहे. तो आला की ही रेघ बघा कशी उसळते. इम्रान घाबरत नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून जपून खेळतो. पुढं यायचं की नाही, या विचारात पापणी लवण्याइतका थांबतो. गोल तेवढ्यात होतो.”

“मग मी गप बसतो. तोंडात रुमाल घालतो.”

बाईंनी तेही करून पाहिलं. नाना पायरीवर, पण मुका. इम्रान सारखा मागं वळून बघत होता. मोरबाग हरली.

“घरीच बसतो.”

इम्रानला वाटलं, नाना आजारी आहेत. हरली.

“त्याला खरं काय ते सांगितलं तर?”

हे सगळ्यांत वाईट निघालं. नानाच्या रिकाम्या जागेचं ओझं घेऊन इम्रान खांबासारखा उभा राहिला.

“मग ऱ्हायलं काय?” नानाचा आवाज एवढा बारीक झाला होता की म्हशी सोडा, शेजारच्या बाईंनाही पुढं वाकावं लागलं.

“एकच,” त्या म्हणाल्या, आणि आपण हे यंत्र का बांधलं असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. “तुम्ही त्याचे उरला नाहीत, अशी त्याची खात्री पटली तर. पण नाना, हा फुटबॉल आहे. एवढं काही...”

“बाई, तुमी पुण्याच्या काय?”

“साताऱ्याची.”

“तरीच,” नाना म्हणाला आणि चपला पायात सरकवून निघून गेला.

शनिवारी तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोच कोपऱ्यात उभा होता, खेळाडू भिंतीला टेकून. नाना उठला.

“विश्वासला ठेवा,” नाना म्हणाला. “त्याची चूक न्हाई. यंत्रात बघितलंय मी.”

कुजबुज उठली. विश्वासनं मान वर केली.

“पर ह्या टीमसाठी घसा फोडून मी दमलो. उद्या मी तोफगल्लीच्या बाजूला बसनार.”

कुणीतरी हसलं. हसणाराच सगळ्यांत आधी गप्प झाला. कोल्हापुरात माणूस घर बदलतो, धंदा बदलतो, पक्ष तर सहज बदलतो; तालीम बदललेला माणूस मात्र कुणी पाहिलेला नव्हता.

इम्रान भिंतीपासून पुढं आला. “नाना, चेष्टा करताय न्हवं?”

नानानं त्याच्याकडं बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर सगळंच फसलं असतं. भिंतीकडं बघत तो म्हणाला, “चेष्टा तू केलीस. सात रविवार. गोलात तुला उभा करन्यापरास बुजगावनं उभं केलं असतं तर बरं झालं असतं.”

“सर्जा!” विश्वास ओरडला. “मला शिव्या दे, पायजे तर बूट मार. पर ह्या पोराला आसं बोलू नगंस!”

नाना गर्दीतून वाट काढत बाहेर पडला. वाट त्याला आपोआप मिळाली. अंगाला अंग लागू नये म्हणून माणसं बाजूला होत होती.

रविवारी तो तोफगल्लीच्या लाल झेंड्यांत जाऊन बसला. गळ्यात कुणीतरी थट्टेनं लाल उपरणं अडकवलं. “या या मंडलिक! आवाज काढा की आता!” त्याला काढावा लागला. त्यानं इम्रानच्या नावानं जे काय तोंडसुख घेतलं, ते ऐकून तोफगल्लीवालेसुद्धा ओशाळले.

आणि इम्रान पेटला. रागानं त्याला विचार करायला वेळच ठेवला नाही. उंच चेंडू त्यानं हवेत खुडले, समोरच्याच्या पायांत झेप घेतली, पेनल्टी अडवली. शेवटच्या मिनिटाला धोंडीनं गोल केला आणि समोरचं सगळं निळं स्टेडियम वेडं झालं. हलगी अशी कडकडली की निम्म्या पेठेत भांडी मांडणीवरून पडली म्हणतात. मोरबाग वाचली.

आजूबाजूची माणसं कपाळावर हात मारत होती म्हणून नानानंही हातांत तोंड लपवलं. ते बरंच झालं.

खेळाडू मैदानाला फेरी मारत आले तेव्हा इम्रान तोफगल्लीच्या बाजूच्या जाळीपाशी, नानासमोर थांबला. घामानं निथळत होता. जन्मात पहिल्यांदाच त्यानं नाना म्हटलं नाही.

“काय मंडलिक,” तो म्हणाला. “बघितलं न्हवं बुजगावनं?”

आणि पुढं गेला.

त्यानंतर पेठेत नानाला कुणी शिवी दिली नाही. शिवी आपल्या माणसाला देतात. चहाच्या गाड्यावर तो गेला की बाकावरची माणसं उठायची. विश्वास एकदा दारापर्यंत आला, उंबऱ्यावर उभा राहिला आणि “तू असं का केलंस?” एवढं विचारून उत्तराची वाट बघत राहिला. नाना काय सांगणार? खरं कुठं फुटलं की पुढचा हंगाम समोर होताच. पुढचा आणि त्याच्या पुढचा. जोवर गोलात इम्रान, तोवर तोफगल्लीत नाना.

एका दुपारी तो जरतरच्या दारात आला. डॉ. इंगवल्यांनी घाईघाईनं खुर्ची पुढं केली.

“ती तोफगल्लीची मॅच लावा,” नाना म्हणाला. “आन् मला माझ्या जागंला बसवा.”

“नाना, त्यात मोरबाग हरते. मी पाहिलंय.”

“लावा तर.”

पडदा उजळला. गोलामागच्या पायरीवर, निळ्या गर्दीत, कडेला पानाची पिचकारी मारत नाना बसला होता. कुणीतरी त्याच्या पाठीत थाप घातली. कुणीतरी त्याच्या हातातले शेंगदाणे पळवले. इम्राननं गोलातून वळून त्याला हात केला.

खुर्चीतल्या नानानं हळूच हात वर केला.

तो दर रविवारी यायला लागला. मग त्याच्यासारखी आणखी माणसं यायला लागली. बातमी कशी पसरली कोण जाणे. पेठापेठांतून कुणी ना कुणी आपलं यंत्रातलं उत्तर ऐकून गुपचूप दूर झालेलं होतंच. गावाचे संघ आता फार सुरेख खेळतात असं जाणकार सांगतात. पायऱ्या मात्र विरळ होत चालल्या आहेत, आणि जरतरच्या अंधाऱ्या खोलीत खुर्च्या कमी पडतात. तिथं माणसं आपापली हरलेली मॅच बघत बसतात.

बाईंना एकदा राहवलं नाही. मॅच संपायला आली होती, मोरबाग हरत होती, आणि नाना पडद्यातल्या स्वतःबरोबर ओरडून ओरडून घामाघूम झाला होता. त्या त्याच्या कानाशी वाकल्या.

“नाना, हे माझ्या हातात आहे. तुम्ही पायरीवरच बसलेले आणि इम्रान गोल अडवतो, असंही दाखवता येईल. यंत्राचं उत्तर नसेल ते, पण दिसेल अगदी खरं. जिंकवू का?”

नानानं पडद्यावरची नजर काढली नाही. तिथं चेंडू इम्रानच्या हाताखालून जाळीत जात होता, आणि अख्खी पायरी एकाच वेळी डोक्याला हात लावून खाली बसत होती. त्यात नानाही होता.

“नको बाई,” तो म्हणाला. “खोटं कशापायी? हरू द्यात.”