शुक्रवारचं रेकॉर्डिंग

आमच्या आनंदनगर एमआयडीसीला शुक्रवारची सुट्टी. सगळं जग रविवारी लोळतं, आम्ही आनंदनगरवाले शुक्रवारी. म्हणून रेकॉर्डिंग शुक्रवारी सकाळी अकराला, असं मी ठरवून टाकलं. कुमुदला विचारलं नव्हतं. पंधरा वर्षं कंपनीत मीटर आणि गेज तपासायचं काम केलं की माणूस घरातही असाच वागतो.

सन १९९८, जानेवारी. कुमुदच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या गळ्यात गाठ निघाली होती. तीन फेब्रुवारीला ऑपरेशन. डॉक्टर सरळच म्हणाले, "आवाजाच्या नसा गाठीत गुंतल्यात. आवाज राहील असं धरून चालू नका." कुमुदकडे तिच्या आईनं रचलेली सात-आठ अंगाईगीतं होती. कुठे लिहिलेली नाहीत, आणखी कुणाला येत नाहीत. ती तिच्याच आवाजात ठेवायची, एवढंच मला हवं होतं.

"टेपवर करा की," ती म्हणाली.

"टेपला बुरशी लागते. कॉम्प्युटरवर केलं की कायमचं राहतं."

कॉम्प्युटर जोडून दिला मधूनं. मधू माझा अंबरनाथच्या शाळेपासूनचा दोस्त. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये त्याचं रिपेअरिंगचं दुकान. साउंड कार्ड एका खोक्यात दोन आली होती. एक त्यानं माझ्या मशीनमध्ये बसवलं, जोडीचं दुकानातल्या मशीनमध्ये. "एकदम कडक माल आहे, गुरू. वहिनींचा आवाज बघ कसला येतो!"

नऊ तारखेला खरवईच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये मी माइक लावला. कुमुद स्टुलावर बसली, पुढे पेटी. पेटी वाजली की पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्या उसळायच्या. तिनं तोंड उघडलं आणि पट्ट्या पेटीपुरत्याच राहिल्या.

"थांब. लेव्हल बघू."

वाजवून पाहिलं. पेटी आली होती, पंखा आला होता, शेजारच्या वृंदावहिनींच्या कुकरची शिटीसुद्धा आली होती. कुमुद नव्हती.

मी माइक बदलला, वायर बदलली. कार्ड उपसून त्याचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, दुसऱ्या खाचेत बसवलं. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. मी 'सा' लावला, पट्ट्या वर. वृंदावहिनींना बोलावून त्यांच्याकडून आरतीची ओळ म्हणून घेतली, पट्ट्या वर. कुमुदनं 'सा' लावला की काहीच नाही. ती मात्र माझ्या कानांना स्वच्छ ऐकू येत होती, किंचित घोगरी, पण सुरात पक्की.

फोनवर मधू म्हणाला, "ड्रायव्हरचा लोचा असेल यार. करत राहा."

करत राहिलो. सोळा, तेवीस, तीस तारीख. दर शुक्रवारी अकराला तीच ओळ. ती सुरू करायची, मी पट्टीकडे बघून म्हणायचो, "थांब." कंपनीतला माझा नियम आहे, गेज बरोबर लागल्याशिवाय पूर्ण रीडिंग घ्यायचं नाही. मी तिला एकही गाणं दुसऱ्या कडव्यापर्यंत जाऊ दिलं नाही. शेवटच्या शुक्रवारी मी टेबलाखाली वायर धरून बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "अहो, राहू द्या ते. नुसतं ऐका ना एकदा."

"दोन मिनिटं, कुमुद. सापडलंच आहे मला."

कसलं सापडलंय, डोंबल! तीन फेब्रुवारीला ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आवाज गेला. कुजबुजसुद्धा नाही. मी तिला शाळेतल्या मुलांची पाटी आणून दिली. ती त्यावर लिहायची, 'मीठ संपलंय', 'दार लावा'. पेन्सिल करकरायची.

पाच मार्चला, गुरुवारी, संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर मी ते मेलं कार्ड खिशात घालून मधूच्या दुकानात गेलो. त्याच्या तोंडावर फेकायचं होतं. मधू काउंटरवर नव्हता. प्लायवूडच्या पार्टिशनमागून गाणं येत होतं.

कुमुदचं गाणं. दुसरं कडवं.

ते मी कधीच ऐकलं नव्हतं. तरी कडवं तेच आहे हे मला लगेच कळलं.

मी आत गेलो. मधू डोळे मिटून स्पीकरपुढे बसला होता. मला बघून तो उठला, खुर्ची पडली.

"गुरू, मी काही केलेलं नाही. आईशपथ. माइकच नाहीये या मशीनला. आपोआप येतं. शुक्रवारी, अकराला."

"कधीपासून?"

मी माउस ओढून घेतला. आठ फाइली होत्या. पहिली नऊ जानेवारीची.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला? मी तिथे रबरानं दात घासत बसलो होतो, आणि तू मला 'करत राहा' म्हणालास?"

"सांगितलं असतं तर तू कार्ड उचलून नेलं असतंस." त्याचे डोळे भरले होते. "मला ऐकायचं होतं यार. असं कुणी गातं का आता?"

तीस वर्षांचा दोस्त. माझा नुसता संताप झाला. माझ्या बायकोचा आवाज दर आठवड्याला ह्याच्या दुकानात येत होता आणि हा हरामखोर एकटा ऐकत बसला होता.

मी तीस जानेवारीची फाइल लावली. पेटी. आमच्याच घरातला पंखा. वृंदावहिनींच्या कुकरची शिटी. कुमुद गात होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी ती फाइल तीनदा लावली. माझं 'थांब' त्यात कुठेच नव्हतं. टेबलाखाली मी केलेली खडखडही नव्हती. त्या खोलीत सगळं होतं, फक्त मी नव्हतो.

मग माझं लक्ष तारखांकडे गेलं. चार फाइली जानेवारीच्या. पुढच्या सहा, तेरा, वीस आणि सत्तावीस फेब्रुवारीच्या.

"सहाला ती हॉस्पिटलात होती," मी म्हणालो. "गळ्याला पट्टी होती तिच्या."

"माहितीये," मधू म्हणाला.

सत्तावीसची लावली. गाणं संपलं आणि ती बोलली. मोकळ्या, हसऱ्या आवाजात. माझ्याशी ती तशी कधी बोलायची, ते मला आठवेना.

"मधूभावजी, ह्यांना देऊ नका हं यातलं काही. ह्यांना कुठे गाणं पाहिजे होतं."

दोघांनी मिळून मला फसवलं होतं. मी मधूचं मशीन उघडलं आणि जोडीचं कार्ड खेचून काढलं. तो माझा हात धरत म्हणाला, "नको रे गुरू, उद्या शुक्रवार आहे." मी त्याला ढकललं.

रात्रभर कुमुदला काही विचारलं नाही. काय विचारणार? ती शेजारी शांत झोपली होती, तोंड मिटून.

सकाळी दोन्ही कार्डं जेवणाच्या टेबलावर ठेवली, तिला दिसतील अशी. तिनं ती बघितली, उचलून बाजूला सारली आणि तिथे तांदळाचं ताट ठेवलं. निवडून झाल्यावर स्वयंपाकघरात गेली.

अकराला फोन वाजला.

"गुरू." मधूचा आवाज अगदी खाली होता. "मशीन उघडंच पडलंय. प्लगसुद्धा काढलाय. ऐक."

त्यानं रिसीव्हर लांब धरला असावा. पलीकडे कुमुद गात होती.

आमचा फोन पॅसेजमध्ये आहे. तिथून ओटा दिसतो. कुमुद माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभी होती. उजव्या हाताची बोटं ओट्यावर ताल धरत होती. फोनमधल्या गाण्याची सम आणि तिचं बोट एकाच वेळी पडत होतं.

मी दोन पावलं पुढे गेलो, वायर ताणली. तिचा गाल दिसला. ओठ हलत होते.

स्वयंपाकघरात काही आवाज नव्हता. सगळं कानात येत होतं. पहिलं कडवं संपलं. दुसरं सुरू झालं.

आणि माझ्या तोंडून गेलं. सवयीनं गेलं, दुसरं काही नाही.

"थांब, कुमुद."

बोटं थांबली. कानातलं गाणं मधेच तुटलं.

"बंद झालं यार," मधू म्हणाला. "गुरू? बंद झालं."

ती वळली. पदराला हात पुसले, ओट्यावरची पाटी घेतली आणि सावकाश, चांगल्या अक्षरात लिहून माझ्यापुढे धरली.

'तिथं तरी पूर्ण गाऊ द्यायचं होतंत.'