भुऱ्याची समाधी

"कुत्र्याची समाधी?" चंचल ओरडली. "अन् आबाजींची?"

"आबाजींची तर होईनच ना वं!" आजी पदरानं डोळे पुसत म्हणाली. "त्याच्याच बाजूले भुऱ्याची लहानशी. पत्रू विटा देतो म्हणते."

चंचलनं हातातला मोहफुलांचा टोपला दाणकन खाली ठेवला. तिचा चेहरा बघून तिचा धाकटा भाऊ प्रणित हळूच खांबाआड सरकला. राजुऱ्याहून सुट्टीला आलेली त्यांची आतेबहीण दिव्यानी मात्र जागची हलली नाही. तिला असला तमाशा फार आवडायचा!

चामोर्शीपासून आत, जंगलाला टेकून असलेल्या त्या तळ्याकाठच्या गावात सकाळपासून दुसरा विषयच नव्हता. जन्मभर त्या तळ्यात जाळं टाकणारे चंचलचे आजोबा, मनसाराम आबाजी, गेल्या आठवड्यात वारले. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की माणसानं जन्मभर जे हाताळलं ते त्याच्यासोबत द्यायचं. मातीच्या ढिगावर ते मांडून ठेवायचं, पण ठेवण्याआधी प्रत्येक वस्तू मोडायची. इथं मोडलेलं तिथं अखंड होतं, असं आजी सांगायची. अखंड दिलं तर ते इथलंच राहतं, जाणाऱ्याला पोचत नाही. म्हणून आबाजींच्या वल्ह्याचे दोन तुकडे केले होते, मडक्याला भोक पाडलं होतं, चष्म्याची काडी मोडली होती. आणि ते गावभर नावाजलेलं फेकजाळं विळ्यानं मधोमध कापून द्यायचं, हे काम आबाजींच्या मुलाकडं, देवरावकाकाकडं होतं.

आबाजींचा कुत्रा भुऱ्या माती दिल्यापासून त्या ढिगाशीच बसून होता. दोन दिवस तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. आज सकाळी त्याच तळ्यात जाळं टाकणारे पत्रूकाका मसणवटीवरून धापा टाकत आले. जाळं नाही! कुत्राही नाही!

"मनसारामभाऊ सोता आले!" पत्रूकाकांनी चौकात दोन्ही हात जोडून जाहीर केलं. "आपलं जाळं नेलं, अन् आपला सोबतीबी नेला! कुत्रा असावा तर असा!"

झालं! बायांनी कुंकू नेलं, कुणी नारळ नेला, आणि आजी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. आबाजी एकटे गेले नाहीत, एवढंच तिला हवं होतं.

चंचलच्या मात्र पोटात नुसता जाळ झाला होता. आबाजी आले, तर तिला का नाही भेटले? ती रोज झोपताना सांगायची, आबाजी, स्वप्नात तरी या. एकदाही आले नाहीत. आणि नेलं कुणाला? त्या खरजुल्या भुऱ्याला!

जिवंत होते तेव्हाही तेच होतं. तळलेल्या मरळीचं डोकं आधी भुऱ्याला. डोंग्यात पुढची जागा भुऱ्याची. चंचलनं जाळं फेकायला शिकवा म्हटलं, की आबाजी हसून म्हणायचे, "तुह्या हाताले जड होईन, माय." मग भुऱ्याशी अर्धा अर्धा तास गप्पा! तिनं वर्गात पहिला नंबर काढला तेव्हा "बरं झालं" एवढंच. भुऱ्यानं नाग हुसकावला तर ती गोष्ट आल्यागेल्याला! आता तर तो देवच होऊन बसणार होता, आणि उद्यापासून तिनं त्याला फुलं वाहायची!

"तो गेला-बिला काई नाई," ती दातओठ खात म्हणाली. "कुठीतरी लग्नाच्या पंगतीत हाडकं चघळत असन. मी त्याचा कान धरून आणतो अन् साऱ्या गावाले दाखवतो, पाहा म्हणावं तुमचा इमानी कुत्रा!"

"तुले कुत्र्याचा हेवा वाटते?" दिव्यानीनं विचारलं.

"नाई!"

"मंग नाक काऊन फुगलं?"

"चालतं का नाई तू?"

तिघं मसणवटीवर पोचली तेव्हा तिथं कुणी नव्हतं. ढिगाऱ्यावर फुटकं मडकं होतं, वल्ह्याचे तुकडे होते आणि काडी मोडलेला चष्मा कुंकवात माखून पडला होता.

प्रणितनं डोकं खाजवलं. "आबाजींनी चष्मा नाई नेला?"

"त्याले काय होते?" चंचल म्हणाली.

"चष्म्याबिगर आबाजीले भात अन् पोहे ओळखू येत नोते! जाळं फाटलं तर शिवतीन कसे?"

दिव्यानीनं टाळी वाजवली. "वल्हं बी सोडलं! डोंगा का हातानं वल्हवतीन? पाहा, जे मोडलं ते सारं इथी हाये. फक्त जाळं गेलं. म्हणजे..."

"म्हणजे जाळं मोडलंच नोतं!" चंचल ओरडली. "कापलेलं जाळं चोरून कोणी काय करन?"

तिघंही तशीच देवरावकाकाकडं पळाली. काका अंगणात सायकलचं पंक्चर काढत बसला होता.

"काका, तू जाळं कापलं होतं ना?"

काकाच्या हातातला पंप निसटला. "म्हणजे... कापलंच तं..."

"कुठून कापलं?"

"काठाची दोरी..." काकानं इकडंतिकडं पाहिलं आणि एकदम रडवेला झाला. "हातच नाई चालला वं! बापानं दोन उन्हाळे बसून विणलं होतं ते. काठाची दोरी कापली अन् घडी घालून ठेवून देल्लं. तुह्या आजीले नोको सांगू, माय!"

"अन् तुले कापताना कोणी पाहत होतं?"

"कोण पाहते? मी अन् पत्रूभाऊ."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"पत्रूकाका कोणाले सुपारीचं खांड देत नाई," प्रणित म्हणाला. "तो विटा कसा देऊन राह्यला?"

विटा खरंच आल्या होत्या. पत्रूकाका आजीच्या दारात त्या उतरवत होते आणि प्रत्येक विटेबरोबर "अरे देवा, अरे देवा" करत होते. त्यांच्या डाव्या पोटरीला फडकं गुंडाळलेलं होतं.

"पायाले काय झालं, काका?" दिव्यानीनं गोड आवाजात विचारलं.

"काटा! बाभळीचा!"

"एवढा मोठा?"

"मोठाच असते तो!" पत्रूकाका खेकसले.

दिव्यानीनं चंचलला चिमटा काढला आणि कानात काहीतरी सांगितलं. चंचलचे डोळे चमकले. ती आजीजवळ जाऊन, अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजी, भुऱ्या मेला तेच बरं झालं वं! मागच्या सोमवारी त्याले पिसाळलेला कोल्हा चावला होता!"

"अगं बाई!" आजी दचकली.

धप्प! पत्रूकाकांच्या हातातली वीट पडली.

"कोल्हा?" ते म्हणाले. "पिसाळलेला?"

"हो ना! फेस होता तोंडाले!" प्रणितनं तोंड वाकडं करून दाखवलं. "आता भुऱ्या ज्याले ज्याले चावला असन, त्याचं काई खरं नाई!"

"आमच्या राजुऱ्याले एकाले असंच झालं," दिव्यानी म्हणाली. "पहिले तं कुत्रा खाणं सोडते. मंग पाणी बी पित नाई. पाण्याले घाबरते!"

पत्रूकाकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मटकन विटांवर बसकण मारली. "अरे बापा! दोन दिवसांपासून पाणीच नाई पिऊन राह्यला ना तो!"

अंगणातल्या सगळ्यांच्या माना त्यांच्याकडं वळल्या.

"कोण पाणी पिऊन नाई राह्यला, पत्रूकाका?" चंचलनं विचारलं.

पत्रूकाकांनी पोटरी धरली आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. कापायच्या वेळी देवरावानं नुसती दोरी कापली, हे त्यांनी पाहिलं होतं. परवा पहाटे त्यांनी जाळं उचललं. भुऱ्या चावला, आणि तेवढ्यावर न थांबता जाळ्याच्या वासानं थेट जंगलातल्या बोडीवरच्या, म्हणजे लहानशा तळ्याकाठच्या, त्यांच्या खोपडीपर्यंत मागंमाग आला. सोडलं तर तो गावात येऊन भुंकणार! म्हणून बांधून ठेवला, आणि कुणी विचारायच्या आत देवाचं नाव पुढं केलं.

"माणसाच्या सोबत देल्लेलं जाळं!" आजी कापऱ्या आवाजात म्हणाली. "कशी हिंमत झाली रे तुही?"

"वयनी, जन्मभर एकाच तळ्यात जाळं टाकलं आमी," पत्रूकाका मान खाली घालून म्हणाले. "त्याच्या जाळ्यात मरळ, माह्या जाळ्यात झिंगे! लोकं म्हणत, जाळं पाहावं तं मनसारामाचं. ऐकून ऐकून जीव जळे माहा. तो तं गेला, पण जाळं बी घेऊन चालला होता!"

चंचलला त्यांचा भयंकर राग आला होता. तरी तो जीव जळण्याचा भाग तिला जरा जास्तच चांगला समजला, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

ऊन चढलं होतं. देवरावकाका, आजी, लंगडणारे पत्रूकाका, चारदोन गावकरी आणि पुढं ही तिघं, अशी वरात बोडीकडं निघाली. सागाची पानगळ पायाखाली कुरकुरत होती. वाघाची धास्ती म्हणून काका मधूनमधून थाळी वाजवत होता. चंचल सगळ्यांच्या पुढं होती. कान धरून आणायचा, हे तिनं अजून सोडलं नव्हतं.

खोपडीत जाळं खुंटीला टांगलेलं होतं. खाली भुऱ्या बांधलेला होता. त्याच्यापुढं भात वाळून गेला होता, पाण्याच्या डब्यात मुंग्या तरंगत होत्या. दोरी ताणून ताणून त्यानं मान सोलून काढली होती, आणि नाक जाळ्याच्या लोंबत्या टोकाला जेमतेम टेकेल एवढा तो उठून बसला होता. माणसं पाहून तो गुरगुरला. पण त्या गुरगुरण्यात जीवच नव्हता.

"बाजूले व्हा! पिसाळला हाये तो!" पत्रूकाका दारातून किंचाळले.

"कोल्हा-बिल्हा काई नाई, काका," प्रणित म्हणाला. "आमी थाप मारली!"

चंचल आत शिरली. तिनं खुंटीवरून जाळं काढून भुऱ्यापुढं टाकलं. तो त्यावर आडवा झाला आणि त्यानं डोळे मिटले. ती ओंजळीत पाणी घेऊन बसली. तो पिईना. तिनं दोनदा ओंजळ भरली, दोनदा पाणी जमिनीत जिरलं. एवढ्या दिवसांत ती घरात कुणापुढं रडली नव्हती. आता मात्र तिचं तिलाच आवरेना.

"मले बी नाई भेटले रे ते!" ती हुंदके देत म्हणाली. "तुले सोडून गेले, मले बी सोडून गेले! मले वाटलं, तुले तं नेलं! पी ना आता, भुऱ्या! तू मेला तं मी आबाजीच्या गोष्टी बोलू कोणासंग?"

भुऱ्यानं एक डोळा उघडला. मग त्याची जीभ तिच्या तळव्याला लागली. खरखरीत आणि गरम होती. तो ओंजळभर पाणी प्यायला, आणखी एक ओंजळ प्यायला, आणि मग डब्याकडं बघू लागला.

"पिते! पिते!" दिव्यानी बाहेर धावली. "आजी, पाणी आण वं, चांगलं!"

परतताना सारे मसणवटीवर थांबले. देवरावकाकानं विळा काढला, पण जाळ्याला टेकवून पुन्हा मागं घेतला.

"आण इकडं," चंचल म्हणाली.

तिनं जाळं हातात घेतलं. खरंच जड होतं. बारीक, एकसारख्या गाठी, एकही ढिली नाही. हे जाळं तिला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं! समोर पत्रूकाका उभे होते आणि त्यांची नजर जाळ्यावरून हलत नव्हती. चंचलनं ती नजर पाहिली आणि विळा चालवला. पहिली गाठ तुटायला वेळ लागला, मग जाळं चरचरत मधोमध फाटलं. दोन्ही तुकडे तिनं चष्म्याशेजारी नीट पसरले.

"आता पोचन," आजी म्हणाली. तिनं चंचलच्या डोक्यावरून हात फिरवला. "आमी म्हातारीकोतारी हात जोडून बसलो, अन् पोरायनं डोळे उघडे ठेवले! तुह्या आबाजीची नात शोभतं!"

"तिघंही शोभतात!" देवरावकाका म्हणाला. त्यानं प्रणितला खांद्यावर घेतलं. "अन् पत्रूभाऊ, विटा राहू द्या आमच्या दारीच. आबाजीच्या समाधीले कामी येतीन."

"इंजेक्शन घ्या पण काका!" दिव्यानी म्हणाली. "कुत्रा चावला तं घ्याच लागते. पिसाळलेला असो का नसो!"

पत्रूकाका लंगडत चामोर्शीच्या रस्त्याला लागले, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच आजी तोंडाला पदर लावून हसली.

संध्याकाळी मरळ तळली. भुऱ्या ओसरीवर दिव्यानीच्या मांडीत डोकं ठेवून पडला होता. ती त्याच्या मानेला हळद लावत होती आणि तो शेपूट हलवत तिचे हात चाटत होता.

"किती गोड हाये हा!" दिव्यानी म्हणाली. "मी नेऊ का याले राजुऱ्याले? माह्यासंग चांगला रमला पाहा!"

चंचल ताट घेऊन येत होती. तिच्या पोटात पुन्हा तोच जाळ झाला, अगदी तसाच.

"हात लावू नोको त्याले!" ती ओरडली. "माहा कुत्रा हाये तो!"

बोलून झाल्यावर ती स्वतःच चकित होऊन उभी राहिली. मग तिनं ताटातलं मरळीचं डोकं उचललं आणि आधी भुऱ्याला दिलं.