शपथबंध

शपथबंध झालेल्या वसतिगृहात सिगारेटचा वास येत नाही. भेटीच्या खोलीत मात्र मधोमध काच लागते. काचेपलीकडे मल्हार आईकडे पाठ करून बसला होता.

"त्याला इकडं बघायला सांगा," पद्मजाबाई हळूच म्हणाल्या.

"बघितलं तर उलटी होईल त्याला," डॉ. उपासनी म्हणाल्या. शपथबंध हा त्यांचाच शोध.

कॅन्सरची चित्रं पाहून मुलं सिगारेट सोडत नाहीत, म्हणून उपासनींनी भीती सोडून श्रद्धेला हात घातला होता. शपथ घेताना मेंदूतली श्रद्धेची जागा जागी होते. त्याच क्षणी विजेच्या एका हलक्या स्पंदनानं तिला धुराची शिसारी जोडून द्यायची, हा झाला शपथबंध. मग सिगारेटची तलफ आली, की आधी श्रद्धास्थान डोळ्यांपुढं येतं आणि पाठोपाठ मळमळ.

"पण मला बघून का मळमळावं? मी काय सिगारेट आहे?"

"तलफ, तुमचा चेहरा, मळमळ. असं शेकडो वेळा झालं, की मळमळायला तलफेची गरज उरत नाही, नुसता चेहरा पुरतो. आम्ही देवाची शपथ घ्या म्हटलं होतं, बाई."

ते खरं होतं. पण त्या दिवशी पद्मजाबाईच मल्हारला म्हणाल्या होत्या, "देवाची नको. देव पोटात घालतो सगळं. माझी घे, म्हणजे मोडायची छाती होणार नाही."

"देवाची घेतली असती तर?"

"देव्हाऱ्यासमोर उभा राहिला नसता. दोघातिघांचं तसं झालंय."

"आणि तरी तुम्ही हे चालूच ठेवलंत."

"एकही मूल ओढत नाही, बाई."

"उपासाला मी मोह आवरते, म्हणून त्याला व्रत म्हणायचं. तुम्ही आवरायला काही ठेवलंच नाहीत." पद्मजाबाईंचा आवाज चढला नाही. "सोडवा तो बंध."

"पुन्हा ओढायला लागेल."

"लागू दे. घरी भांडेन मी त्याच्याशी."

डॉक्टरांनी माइक सुरू केला. "मल्हार, आई बंध सोडवा म्हणतेय. सही तुझी लागेल."

"नाही करणार."

"अरे बाळा..."

त्याचे खांदे आखडले. "मॅडम, तिला बोलू देऊ नका. आवाजानंही होतं." तो भिंतीकडे बघतच राहिला. "अकरावीपासून ओढत होतो. सुटावी म्हणून उपास धरून बसायची, जेवण जायचं नाही मला. आता सुटली. झालं ना तिच्या मनासारखं? मग येते कशाला?"

पद्मजाबाईंना काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी पदराचा बोळा तोंडावर दाबला आणि आवाज माइकपर्यंत जाऊ दिला नाही.

त्या वर्षी धूम्रमुक्तीचं पारितोषिक त्याच वसतिगृहाला मिळालं. बहुतेक मुलांनी आईचीच शपथ घेतली होती. दिवाळीच्या सुट्टीत तिथली खानावळ दरवर्षीसारखी बंद ठेवता आली नाही.