मैनाबाईच्या ओठांवर

सीमाचं काम चुटकीसरशी होण्यासारखं होतं. वलगावची ही पोरगी दुपारच्या बसनं अमरावतीला शाइस्ताच्या स्टुडिओत आली, ती फोनमधला एक छोटासा व्हिडिओ घेऊन. उद्या तिची हळद. त्याआधी मांडवातल्या पडद्यावर तिची आई, मैनाबाई, दोन वाक्यं बोलताना दिसायला हवी होती. मैनाबाई दिवाळीत वारली. तिचा आवाज उरला होता तो एवढ्याच व्हिडिओत, आणि बायको गेल्यापासून गप्प झालेल्या तिच्या बाबांना, खुशालरावांना, तो हळदीआधी ऐकायचा होता.

लग्नाचे व्हिडिओ जोडण्यात शाइस्ता मुरलेली. तिनं फोन कॉम्प्युटरला लावला, फाइल घेतली, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. चित्र आलं. आवाज नाही.

मग सुरू झाली डोकेफोड. ट्रॅक म्यूट असेल म्हणून पाहिलं, तर नव्हता. स्पीकर बदलले. फोनचं रेकॉर्डिंग कधीकधी सॉफ्टवेअरला पचत नाही, म्हणून फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करून पुन्हा आणली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मैनाबाईचे ओठ हलायचे आणि खाली आवाजाची रेघ सपाटच्या सपाट. कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास खोलीत कोंदला होता. मशीनला कान असते तर शाइस्तानं ते धरून पिरगाळले असते.

"फोनमधी तर येत होता नं आवाज?"

"सकाळीच ऐकला, ताई."

मग फोनवरूनच रेकॉर्ड करून घेऊ, म्हणत तिनं फोन उघडला. फोनमध्ये व्हिडिओच नव्हता. घाईत तिनं कॉपी करायच्या जागी कट केलं होतं. होती ती एकच फाइल, आणि तीही मुकी. शाइस्ताला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तिनं झालं ते सांगितलं. सीमा रडली नाही, पडद्यावरच्या आईजवळ सरकली.

"मले पाठ हाय ती काय म्हणते," ती हळूच म्हणाली. "तुमी बोला, ताई… तिच्या ओठाबरोबर. माहा आवाज बाबा ओळखतीन."

मेलेल्या माणसाच्या तोंडी आपला आवाज घालायचा, हे शाइस्ताच्या मनाला पटेना. पण चूक तिचीच होती. तिनं माइक पुढे ओढला.

"सीमे, मांडवात रडू नोको. मी तुह्याजवळच हाय."

पहिल्यांदा ओठ जुळले नाहीत. दुसऱ्यांदाही नाहीत, आणि ती चरफडली. पुढच्या वेळी असे जुळले की पडद्यावरची बाईच आपल्यासाठी थांबून बोलली की काय, असं तिला वाटून गेलं. तिनं ते लावून पाहिलं.

आवाज जरा घोगरा होता, म्हातारा होता. शाइस्ताचा नव्हता.

सीमा उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. मायचाच आवाज, कुठून सापडला, म्हणून तिनं शाइस्ताचे हात धरले.  शाइस्तानं नुसती मान हलवली. सीमा पेनड्राइव्ह घेऊन आनंदात निघून गेली.

तासाभरानं स्टुडिओमागच्या घरातून सासूनं, रजियाबीनं, चहा ठेवू का म्हणून विचारलं. शाइस्ता हो म्हणाली. रजियाबीनं पुन्हा विचारलं. ती पुन्हा हो म्हणाली. शेवटी म्हातारी वैतागून दारात आली, तोंडात मिठाची गुळणी धरली का म्हणून. शाइस्ता ओरडली. ओठ हलले. खोलीत फक्त कूलर वाजत होता.

तेवढ्यात फोन आला.

"हॅलो ताई, घरी पोचली मी. बाबाले दाखवतो आता."

शाइस्ता जीव तोडून बोलली. सीमा, तो व्हिडिओ लावू नको, पुसून टाक, माझा आवाज गेला… यातलं अवाक्षरही तिच्या स्वतःच्या कानांवर पडलं नाही.

पलीकडे सीमाचा श्वास अडखळला.

"…माय?"

शाइस्तानं घाबरून तोंड गच्च मिटलं, वरून हात दाबला.

पलीकडे सीमा ऐकतच होती. मधूनमधून हुंकार देत होती.

"हो माय," ती म्हणाली. "ये नं… दार उघडंच हाय."